बुचाचा वास

माझ्या नवऱ्याला वास येत नाही, हे मला एका खराब वाईनच्या बाटलीमुळे कळलं. ती बाटली चांगली निघाली असती तर आणखी वर्षभर कळलं नसतं. दिवसभर चुलीपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाचं नाक जातं आणि तो सख्ख्या बायकोला पत्ता लागू देत नाही, ह्याला काय म्हणावं? मी त्यांना तोंडावर काय म्हटलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

आमचं हॉटेल आहे. राहायचं नव्हे, जेवायचं. मोजकी टेबलं, पुढे गल्ला, मागे स्वयंपाकघर, आणि मध्ये दोन्ही बाजूंनी ढकलता येणारं एक दार. दाराच्या आतलं सगळं ह्यांचं, बाहेरचं सगळं माझं. ऑर्डर मी घेते, वाढते मी, पैसे मी घेते, आणि कुणी उगाच खुर्ची अडवून बसलं तर त्याला उठवतेही मीच. स्वयंपाकात मला गती नाही. सासूबाई होत्या तेव्हा आल्यागेल्याला सांगायच्या, "हिच्या हातचं जेवून जेवूनच माझा मुलगा स्वयंपाक शिकला." मला कधी राग आला नाही, कारण खरंच होतं ते.

मागच्या वर्षी ह्यांना सर्दीतापाने चांगलंच घेरलं. हॉटेल बंद ठेवावं लागलं. बरे होऊन पुन्हा उभे राहिले तेव्हा मला वाटलं, सुटलो. पण तेव्हापासून नवीनच खोड लागली. ऐन गर्दीच्या वेळी आतून हाक यायची, "अगं, जरा आत ये." हातातलं टाकून जावं तर काय, "तो वरचा डबा काढून दे." डबा त्यांच्या डोक्याच्या उंचीवर. मी चिडायची. आणि माझा स्वभाव असा, की आत गेल्यावर डोळ्यांना, नाकाला जे दिसेल, येईल ते बोलल्याशिवाय राहवत नाही. "तो कांदा लागतोय बघा," किंवा "दूध नासलंय का हो?" हे म्हणायचे, "बघतोच आहे," आणि गॅस बारीक करायचे. मी डबा आपटून बाहेर यायची. ताकाला जाऊन भांडं लपवत होता हा माणूस, आणि मला वाटायचं, वय झालं, एकट्याने काम होत नाही.

वाईनचं खूळही त्यांचंच. एक दिवस जेवताना म्हणाले, "आपण वाईन ठेवू या."

"ह्या वयात ही कसली थेरं?" मी म्हणाले. "माझ्या भावाकडे एकदा घोट घेतलात, तेवढ्यावर? मी तर उभ्या जन्मात चव घेतलेली नाही."

"शिकू."

माझ्याशी वाद घालणं त्यांना कधी जमलं नाही. मी एकदा नाही म्हटलं की विषय संपायचा. ह्या वेळी संपला नाही. परवान्यासाठी खेटे घातले, फ्रीजचा एक कप्पा रिकामा केला, आणि शेवटी एका पुरवठादाराचा माणूस घरी बोलावल्यासारखा हॉटेलात बोलावला. सुट्टीच्या दिवशी, दुपारी.

हा वाईनवाला म्हणजे सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, बोलणं एकदम मऊ. त्याने ग्लासात तळाशी थोडीशी वाईन ओतली, ग्लास गोल फिरवला आणि मला म्हणाला, "मॅडम, आता नाक आत घाला आणि सांगा काय येतंय."

"वाईनचा वास येतोय," मी म्हणाले. दुसरा कसला येणार?

तो हसला. मग त्याने स्वतः वास घेतला आणि सुरू झाला. पिकलेलं पेअर, मध, पावसात भिजलेला दगड. भिजलेल्या दगडाचा वास घ्यायला ह्याला फावला वेळ बरा मिळतो, असं मला वाटलं. नाकाने कांदे सोलणारा माणूस, मी मनात म्हटलं. पण दुसऱ्या वेळी मी डोळे मिटून वास घेतला, तर लिंबाच्या सालीचा आला. अगदी किसणीवर साल घासल्यावर येतो तसा. मी तसं बोलून गेले आणि तो इतका खूश झाला, जणू मी परीक्षेत पहिली आले होते.

"आणि साहेब, तुम्हाला?"

ह्यांनी ग्लासात नाक घालून बराच वेळ घालवला. "छान आहे."

"कसला येतोय?"

"ही म्हणते तोच. लिंबाचा."

मला वाटलं माझं मन राखतायत. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

वासाचं प्रकरण संपून खाण्याचं सुरू झालं तेव्हा मात्र ह्यांच्या अंगात संचारलं. वाईनवाल्याने सांगितलेलं सगळं सोपंच होतं. आंबट पदार्थाबरोबर त्याहून आंबट वाईन, नाहीतर वाईन मिळमिळीत लागते. तळलेल्याला आंबट चालते, तेलाचा थर धुऊन निघतो. जी लाल वाईन तोंड कोरडं करते ती चरबीच्या मांसाबरोबर द्यायची. खूप तिखट असेल तर थोडी गोड आणि थंड, कारण कडक वाईनने तिखट आणखी भडकतं. बाकी, साहेब, तुम्हाला आवडेल ते बरोबर, असं म्हणून तो बाटल्या ठेवून गेला.

तो गेल्यावर हे उठून आत गेले आणि ताटभर सामान घेऊन आले. मीठ, लोणी, तळलेले बटाटे, उरलेलं टोमॅटोचं सूप, भाजलेल्या कोंबडीचा कातडीसकट तुकडा. "लाल घे," म्हणाले. मी घेतली. हिरड्या आवळल्या, जीभ टाळ्याला चिकटली. "हे काय प्यायचं असतं?" "थांब. आता ती कातडी खा. आता पुन्हा घे." आणि तीच वाईन, त्याच ग्लासातली, गुळगुळीत होऊन घशाखाली गेली. मग सुपाबरोबर घ्यायला लावली, तर तोंडात खिळा धरल्यासारखी चव. सुपाबरोबर ती लिंबाच्या सालीची पांढरी घेतली, तर दोन्ही एकदम जागी झाली. मी बटाट्यावर मीठ टाकून पांढरी प्यायले, पुन्हा टाकलं, पुन्हा प्यायले. बटाटे संपले तेव्हा लक्षात आलं की मी हसत होते.

तेव्हापासून सुट्टीची दुपार तशीच जायची. एक बाटली, दोन ग्लास, चार वाट्या. आम्ही काही जाणकार झालो नाही, नावंही धड लक्षात राहायची नाहीत. ही 'बटाट्याची', ही 'कोंबडीची', एवढंच. पण इतकी वर्षं एकाच छपराखाली राबूनही आम्ही समोरासमोर बसून जेवलो किती वेळा? मला त्या दुपारी फार आवडायला लागल्या. बोलणं व्हायचं. हे जिभेवरचं सांगायचे, मी नाकातलं. त्यांनी कधी नाकातलं सांगितलं नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

मग चष्मेवाल्यांचा वाढदिवस आला, लग्नाचा. चष्मेवाले म्हणजे समोरच्या चष्म्याच्या दुकानाचे मालक, आमचं जुनं गिऱ्हाईक. नवराबायको दोघं दुपारी जेवायला आले, म्हणाले, काहीतरी चांगली लाल उघडा, पहिल्यांदाच घेतोय. कोंबडीबरोबरची उघडायची ठरली. आमच्याकडे पहिल्यापासून रीत आहे, ह्यांनी चाखल्याशिवाय स्वयंपाकघरातून काही बाहेर जात नाही. मी सुद्धा चाखत नाही. तीच रीत वाईनलाही लागू झाली होती. ह्यांनी टेबलापाशी येऊन बूच काढलं, घोटभर स्वतःच्या ग्लासात ओतून वास घेतला, चाखली, आणि मान हलवून दोघांना वाढली. चुलीवरून लक्ष काढून माणूस असा रुबाबात उभा राहिलेला बघून मला कौतुकच वाटलं.

मी पाव द्यायला गेले तर चष्मेवाल्यांची बायको ग्लास नाकाशी धरून नवऱ्याकडे बघत होती. नवरा तिच्याकडे. दोघंही भिडस्त. मी म्हटलं, "आवडली नाही का?" ती म्हणाली, "नाही, म्हणजे, असाच असतो का वास?" मी ग्लास उचलला. नाक जवळ नेण्याचीही गरज नव्हती. ओला पुठ्ठा. दिवसभर ओलंच पडलेलं लादी पुसायचं फडकं. वाईनवाल्याने हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कधी कधी बूच खराब असतं, बाटलीला कुबट वास मारतो, उघडल्या उघडल्या कळतं, परत ठेवा, मी बदलून देतो.

उघडल्या उघडल्या कळतं. आणि हे तर आत्ता वास घेऊन गेले होते.

मी दुसरी बाटली उघडून दिली, आधी स्वतः हुंगून. माफी मागितली. दोघं जेवून हसत गेले. बाकीची गिऱ्हाइकं गेल्यावर मी दाराला कडी लावली आणि ती बाटली घेऊन आत गेले.

"वास घ्या," मी म्हणाले.

त्यांनी घेतला. माझ्या तोंडाकडे बघत घेतला. "छान आहे" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"केव्हापासून?"

"तापापासून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते डबे, त्या हाका, "बघतोच आहे", सगळं एका क्षणात उलगडलं. मला आत बोलावून माझ्या नाकावर स्वयंपाक करत होता हा माणूस. मी बोलायला लागले ती थांबेचना. हे कणिक मळायच्या ओट्याला टेकून ऐकत राहिले. मला श्वास घ्यायला थांबावं लागलं तेव्हा म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर खरं झालं असतं."

मी स्टुलावर बसले.

मग सांगायला लागले. जेवण म्हणजे आता नुसतं मऊ, कडक, गरम, गार. कोंबडी की कागद, डोळे मिटले तर सांगता येणार नाही. कांदा रंगावरून आणि आवाजावरून काढतो. पण खारट, आंबट, गोड, कडू हे जिभेवरचं शाबूत आहे. "आजारातून उठल्यावर तुझ्या भावाने त्याच्याकडे वाईन दिली होती, आठवतं? तुला नको होती. मी घेतली. तोंड आवळलं. मग आंबट, मग शेवटी थोडं कडू, मग छातीत ऊब. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंडात काहीतरी घडलं. म्हणून म्हटलं, आपण ठेवू या."

थेरं म्हणाले होते मी त्याला. मला रडू आलं. मी रडते तेव्हा आणखी चिडते, म्हणून त्यांनी पाणी दिलं आणि लांब उभे राहिले.

"आणि गॅस?" मला एकदम सुचलं. "गॅस सुटला तर?"

"दर थोड्या वेळाने बटणं बघतो."

दुसऱ्याच दिवशी गॅस सुटला की बोंबलणारं यंत्र भिंतीला बसवून घेतलं. डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, येईलही, येणारही नाही, रोज चार ठरावीक वास घेत राहा. लिंबू, लवंग, कॉफी, साबण. हे रोज सकाळी शाळेतल्या मुलासारखे चार बाटल्यांपुढे बसायचे, आणि मी विचारायची, "काही?" ते मान हलवायचे. नंतर मी विचारायचं सोडलं.

खरं भांडण पुढेच झालं. ह्यांचं म्हणणं, गिऱ्हाइकाला सांगून टाकू, आणि दुसरा स्वयंपाकी ठेवू. "लोक विश्वासाने जेवतात. मी गल्ल्यावर बसतो."

"गल्ल्यावर? तुम्ही? उधारी मागताना तुमचंच तोंड पडतं."

"मग घरी बसतो."

ते ऐकून मी हादरले. घरी बसलेला हा माणूस मला डोळ्यांपुढे आणवेना. चूल सुटली की हे संपले, हे मला तेव्हा स्पष्ट दिसलं. आणि गिऱ्हाईक? नाक नसलेल्या स्वयंपाक्याकडे कोण जेवायला येईल? समोरच्या गल्लीत दोन हॉटेलं टपून बसलीयत. "गावभर दवंडी पिटायची गरज नाही," मी म्हणाले. "कुणाला सांगायचं नाही. मी येत जाईन आत. पूर्वी तुम्ही बोलवत होता, आता मी आपणहून येईन." त्यांना पटलं नाही. पण माझ्यापुढे त्यांचं चाललं नाही, नेहमीसारखं.

तर मी सारखी आतबाहेर करायला लागले. एक पाय दारात. वाढताना कान गिऱ्हाइकाकडे, नाक आत. वाईन उघडताना बाटली आधी आत आणून मी गुपचूप हुंगायची, मग हे बाहेर जाऊन रुबाबात वास घ्यायचे. नाटकच. हे बाहेरून हसरे असायचे, आत आल्यावर तोंड उतरायचं. म्हणायचे, "चोरी केल्यासारखं वाटतं." मी म्हणायची, "वाटू दे."

त्या दुपारी सगळी टेबलं भरली होती. चष्मेवाले, त्यांची बायको आणि तिची बहीण आली होती. बहिणीला वाईनबद्दल काही विचारायचं होतं, म्हणून हे बाहेर आले. मी गल्ल्यावर एका माणसाशी हुज्जत घालत होते, त्याला पाण्याचे पैसे द्यायचे नव्हते. हे त्यांच्या टेबलापाशी उभे राहून समजावत होते. मासा तळलेला आहे ना, मग ही घ्या, तोंडाला पाणी सुटेल, मग घास घ्या, मग पुन्हा घोट. खुलून बोलत होते. जिभेवरचं त्यांच्याइतकं छान कुणी सांगत नाही.

करपट वास माझ्यापर्यंत आला तेव्हा उशीर झाला होता. कांदा. हे तो मागे कढईत टाकून आले होते, आणि मी लक्ष ठेवणार होते ते ठेवलं नव्हतं. वास दाराखालून, दारावरून, सगळीकडून आला. खिडकीजवळच्या बाईने नाकाला रुमाल लावला. एकेक करून सगळ्यांनी जेवण थांबवून दाराकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. दाराच्या वर निळसर धूर दिसायला लागला. हे दाराकडे पाठ करून उभे. बोलत होते, हसत होते. सगळ्या खोलीत एकट्या त्यांनाच माहीत नव्हतं.

मला ओरडता आलं असतं. पण ओरडले असते तर सगळ्यांना कळलंच असतं, आणि त्यांनाही कळलं असतं की सगळ्यांना कळलं. माझं तोंड बंद पडलं. जन्मात पहिल्यांदा.

चष्मेवाल्यांची बायको खाली ताटाकडे बघायला लागली. त्या खाली घातलेल्या मानेवरून हे थांबले. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, रुमाल बघितला, आणि शेवटी माझ्याकडे वळून सगळ्यांदेखत, नेहमीच्या आवाजात विचारलं, "काय लागलंय?"

"कांदा," मी म्हणाले.

"किती?"

"काळा झालाय."

ते चष्मेवाल्यांकडे वळले. "मला वास येत नाही," म्हणाले. "आजारात गेला. बाकी सगळं येतं. तुमचा मासा मात्र चांगला आहे, तो हिने बघितलाय." आणि दार ढकलून आत गेले.

पाण्याच्या पैशांवरून भांडणाऱ्या माणसाने पैसे काढून गल्ल्यावर ठेवले. उरलेले परत द्यायचे तसेच राहिले, कारण मी दाराकडे निघाले होते. मागून चष्मेवाले म्हणाले, "वहिनी, गल्ल्यावर मी बसतो."

आत हे कढई खरवडत होते. मला बघून म्हणाले, "गल्ला?"

"मरू दे गल्ला."

त्यांनी कढई धुतली, पुसली, गॅसवर ठेवली, तेल घातलं. कांदा चिरलेला होताच. टाकला. चुरचुरला. ते एकदाही दाराकडे बघत नव्हते, बाहेर खुर्च्या सरकतायत का ते ऐकत होते. मीही तेच ऐकत होते. एक खुर्ची सरकली. मग दुसरी आवाज करून पुढे ओढली गेली, आणि कुणीतरी पाव मागितला. चष्मेवाल्यांनी "आणतो" म्हटलं, पण कुठून आणायचा ते त्यांना माहीत नव्हतं.

"इथेच उभी राहा," हे म्हणाले.

"उभी आहे."

"नुसतं लागला म्हणून सांगू नकोस. लागायच्या आधीपासून सांग. काय काय येतंय ते."

मी कढईवर वाकले. डोळ्यांतून पाणी येत होतं, अर्धं कांद्याचं असेल. मला बोलायला शब्द कमी पडत नाहीत असं सगळे म्हणतात, पण तेव्हा पडले. "कच्चा आहे अजून," मी म्हणाले. "तिखट आहे, नाकात जातोय. आता जरा मऊ झाला. आता... थांबा. आता तेलाचा कमी आणि त्याचा जास्त येतोय. गोड. आपली मुलगी लहान होती तेव्हा झोपवताना तुम्ही तिला साखर लावलेला पाव गरम करून द्यायचात ना, तसा गोड."

ते ऐकत होते. हातातला झारा तसाच वर धरलेला, डोळे मिटलेले.

"आता," मी म्हणाले.

त्यांनी गॅस बंद केला आणि कढई उतरवली.